दोन पंच, एक न्याय

त्र्यंबकेश्वर गावातून ब्रह्मगिरीकडे पाहिले, तर काळ्या कातळाची एक प्रचंड भिंत समोर उभी आहे असे वाटते. श्रावणातील सोमवारी हजारो यात्रेकरू या पर्वताला प्रदक्षिणा घालतात. त्यांना विचारा. ते सांगतील, की काही कोस चालून गेल्यावर हाच डोंगर निराळा दिसू लागतो. गावातून न दिसणाऱ्या सोंडी आणि घळी पलीकडून स्पष्ट दिसतात, आणि गावाच्या बाजूचा कडा दृष्टीआड होतो. पर्वत तोच, परंतु एका जागी उभे राहून तो सबंध पाहिला, असे कोणालाही म्हणता येणार नाही.

खेळाच्या मैदानाचेही असेच आहे. मैदान काही पर्वताएवढे मोठे नसते. तरीही एका खेळाडूच्या पाठीआड दुसऱ्याचा हात लपतो, आणि चेंडूकडे पाहत असताना पायांकडे पाहावयाचे राहून जाते. मग खेळाचा न्याय करावयाचा कोणी आणि कसा? ‘पाचामुखी परमेश्वर’ अशी आपल्याकडे म्हण आहे. गावच्या पारावर बसून तंटा मिटविणाऱ्या पाच जाणत्यांना लोक पंच म्हणत. पुढे खेळात निर्णय देणाऱ्यालाही आपण तेच नाव दिले. त्या नावातच एक गोष्ट सुचविलेली आहे. न्याय हे एकट्याचे काम नव्हे, ते मिळून करावयाचे काम आहे. बास्केटबॉलच्या खेळात नवा पंच आपले काम कसे शिकतो, हे पाहिले म्हणजे या गोष्टीचा अर्थ चांगला उमगतो.

मुलांनो, प्रथम आपल्या ओळखीच्या खो-खोकडे पाहू. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास या खेळाचे नियम बांधण्यास आरंभ केला. खो-खोच्या मैदानात दोन खांबांना जोडणारी मधली पाटी असते. आठ खेळाडू या पाटीवर एकाआड एक तोंडे फिरवून बसतात आणि नववा पाठलाग करतो. या पाटीच्या दोन्ही बाजूंस एकेक पंच उभा असतो. आपल्या बाजूला काय घडले, याचा निर्णय त्याने द्यावयाचा, आणि दुसऱ्या बाजूच्या पंचाला लागेल तेव्हा साहाय्य करावयाचे, असा नियम आहे. त्यांच्यावर एक सरपंच असतो; शिवाय वेळाधिकारी आणि गुणलेखक असतात. पाठलाग करणारा खांबाला वळसा घालून पलीकडे गेला, की त्याच्यावर नजर ठेवण्याची जबाबदारी क्षणार्धात एका पंचाकडून दुसऱ्याकडे जाते. खेळाडू जसा ‘खो’ देतो, तसा पंचही आपल्या सोबत्याला न बोलता एक प्रकारचा खोच देत असतो!

बास्केटबॉलचा जन्म आपल्यापासून फार दूर, अमेरिकेत झाला. १८९१ च्या डिसेंबर महिन्यात स्प्रिंगफील्ड या गावी जेम्स नाइस्मिथ नावाचे शिक्षक होते. बाहेर कडाक्याची थंडी होती आणि विद्यार्थी बंद दालनातील नेहमीच्या कवायतीला कंटाळले होते. नाइस्मिथ यांनी पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या मिळविल्या, जमिनीपासून दहा फूट उंचीवर सज्जाला ठोकल्या आणि टोपलीत चेंडू टाकण्याचा एक नवा खेळ रचला. वर्गात अठरा विद्यार्थी होते; म्हणून एकेका संघात नऊ जण खेळले. आज एका वेळी एका संघाचे पाच जण मैदानात असतात. परंतु टोपलीच्या कड्याची उंची अजूनही तेवढीच, म्हणजे ३.०५ मीटर आहे.

नाइस्मिथ यांनी लिहिलेले नियम अवघे तेरा होते. त्यांत एक मोठी मार्मिक योजना आहे. एका नियमाने त्यांनी खेळाडूंवर लक्ष ठेवणारा एक अधिकारी नेमला. कोणी कोणाला ढकलले, कोणी अडविले, कोणी धरून ठेवले, हे त्याने पाहावयाचे. दुसऱ्या नियमाने चेंडूवर लक्ष ठेवणारा दुसरा अधिकारी नेमला. चेंडू रेषेबाहेर गेला काय, तो आता कोणाचा, टोपलीत पडला काय, हे त्याने ठरवावयाचे. एका माणसाला एकाच वेळी चेंडू आणि माणसे या दोहोंकडे नीट पाहता येणार नाही, हे त्या शिक्षकाने पहिल्याच दिवशी ओळखले होते.

हा खेळ हळूहळू जगभर पसरला. १९३६ साली बर्लिन येथील ऑलिंपिकमध्ये त्याला स्थान मिळाले, आणि वृद्ध नाइस्मिथ ते पाहण्यास स्वतः हजर होते. तेथील अंतिम सामना उघड्या मैदानावर भर पावसात झाला. जमिनीचा चिखल झाला, चेंडू टप्पा घेईना. अमेरिकेने कॅनडाचा १९-८ असा पराभव केला. आजच्या सामन्यांत एकेका संघाचे गुण सहज साठ-सत्तरांच्या पुढे जातात! त्र्यंबकेश्वरच्या पावसाळ्यात ज्यांनी शाळेच्या अंगणात चेंडू आपटून पाहिला असेल, त्यांना त्या खेळाडूंची अडचण समजावून सांगावयास नको. महाराष्ट्रातही या खेळाने मूळ धरले. मुंबईच्या नागपाडा वस्तीतील मैदानाने अनेक नामांकित खेळाडू दिले. भारतीय बास्केटबॉल महासंघाची स्थापना १९५० साली झाली.

आता नव्या पंचाकडे वळू. त्याच्या हाती शिट्टी आली, म्हणजे त्याला वाटते, आपण आता सगळे पाहावयाचे आणि सगळ्याचा निर्णय करावयाचा. म्हणून तो चेंडूमागे धावतो. चेंडू डावीकडे गेला की त्याची मान डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. थोड्याच वेळात तो दमतो आणि प्रेक्षक ओरडू लागतात, ‘पंच, तिकडे पाहा! त्याने धक्का दिला!’ बिचाऱ्या पंचाने धक्का पाहिलेलाच नसतो. त्याच्या प्रामाणिकपणात उणे नसते. उणे असते ते त्याच्या जागेत. म्हणूनच अनुभवी पंच नव्यांना पहिला धडा शिट्टीचा देत नाहीत, पायांचा देतात. योग्य वेळी योग्य जागी पोहोचावे, थांबावे आणि मग पाहावे, हा तो धडा होय.

आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बास्केटबॉलचे क्रीडांगण २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते. दोन पंच असतील, तर ते त्यावर कसे उभे राहतात पाहा. खेळ ज्या टोपलीकडे चालला असेल, तिच्याकडे एक पंच खेळाडूंच्या पुढे धावत जातो आणि शेवटच्या रेषेबाहेर उभा राहतो. त्याला ‘लीड’ म्हणतात. आपण पुढचा पंच म्हणू. दुसरा पंच खेळाडूंच्या मागे, बाजूच्या रेषेजवळ राहतो. त्याला ‘ट्रेल’ म्हणतात. तो आपला मागचा पंच. दोघे साधारणपणे समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या दिशेने असतात. त्यामुळे दहाही खेळाडू त्या दोघांच्या मध्ये सापडतात. कोणतीही झटापट एकाच्या नजरेआड गेली, तर दुसऱ्याच्या नजरेसमोर येते. मोठ्या स्पर्धांत आता तीन पंच असतात. तिसरा दोघांच्या दरम्यान, मैदानाच्या दुसऱ्या बाजूस उभा राहतो. परंतु मूळ तत्त्व तेच आहे.

चेंडू प्रतिपक्षाच्या हाती गेला आणि खेळ उलट दिशेने धावू लागला, म्हणजे गंमत होते. जो मागचा पंच होता, तो वळून पुढे धावतो आणि पुढचा पंच होतो. जो पुढचा होता, तो आता खेळामागून येतो आणि मागचा पंच होतो. ना कोणी हुकूम देत, ना कोणी रागावत. एका सामन्यात ही अदलाबदल कितीतरी वेळा घडते. या कामात कोणी कायमचा पुढारी नसतो आणि कोणी कायमचा अनुयायी नसतो.

नुसते योग्य जागी उभे राहूनही भागत नाही. कोठे पाहावयाचे हेही ठरलेले असते. ज्याच्या भागात चेंडू आहे, त्याने चेंडूजवळच्या खेळाडूंकडे पाहावे. दुसऱ्याने चेंडूचा मोह सोडून उरलेल्यांकडे पाहावे. हे सांगावयास सोपे, पण करावयास कठीण आहे. चेंडू हवेत उडाला, की सर्वांचे डोळे आपोआप वर जातात. पंचाचेही जाऊ पाहतात. तो मोह आवरणे, हाच पंचाचा खरा अभ्यास होय.

एक प्रसंग कल्पून पाहू. त्र्यंबकेश्वरच्या एखाद्या शाळेच्या पटांगणात मुलींच्या दोन संघांचा अंतिम सामना चालला आहे. एक संघ २१ गुणांवर आहे, दुसरा २० वर. अवघे काही क्षण उरले आहेत. मागे असलेल्या संघाची एक मुलगी दुरून चेंडू फेकते. सगळे पटांगण श्वास रोखून त्या चेंडूकडे पाहते. चेंडू कड्यावर आपटून परत येतो. तो झेलण्यासाठी तिची सोबतीण अगदी योग्य जागी उभी आहे. इतक्यात मागून कोणी तिला पाठीवर ढकलते आणि ती कोलमडते. चेंडू प्रतिस्पर्धी मुलीच्या हाती जातो.

आता दोन्ही पंच जर उडालेल्या चेंडूकडे पाहत राहिले असतील, तर तो धक्का कोणीच पाहिला नाही. सामना संपेल, टाळ्या वाजतील आणि ती मुलगी गुडघ्याची धूळ झटकत उठेल. सामना हरल्याचे दुःख ती दोन दिवसांत विसरेल; परंतु ‘माझ्यावर अन्याय झाला आणि तो कोणी पाहिलाही नाही’ हे शल्य तिच्या मनात राहील. कदाचित उद्या तीही कोणाला मागून ढकलील, कारण पाहणारे कोणी नाही असे ती शिकली आहे.

उलट, दोघा पंचांनी आपापले काम वाटून घेतले असेल, तर मागचा पंच चेंडूचा प्रवास पाहील आणि पुढचा पंच टोपलीखालच्या खेळाडूंवर नजर ठेवील. चेंडू आत पडला की नाही, हे त्याला ठाऊकही नसेल. परंतु धक्का मात्र त्याला स्वच्छ दिसेल. चेंडूकडे पाहण्याचे काम माझा सोबती चोख करीत आहे, असा विश्वास असल्याशिवाय कोणीही आपली नजर चेंडूवरून काढून घेऊ शकत नाही. म्हणून पंचांचा एकमेकांवरील विश्वास ही केवळ शोभेची गोष्ट नव्हे. त्या पडलेल्या मुलीला न्याय मिळणे त्यावर अवलंबून असते.

धक्का दिसला, की शिट्टी वाजते. शिट्टी एकदाच, जोरात आणि तुटक वाजवावी. ‘फाउल’ म्हणजे प्रतिस्पर्ध्याला धक्का मारणे, धरणे किंवा अडविणे अशी चूक झाली असेल, तर पंच मूठ वळून हात सरळ वर करतो. चेंडू न आपटता पावले टाकणे, चेंडू रेषेबाहेर घालविणे असा नुसता नियमभंग असेल, तर तो उघडा पंजा वर करतो. तो हात पाहताच वेळाधिकारी घड्याळ थांबवितो. त्यानंतर पंच गुणलेखकाला स्पष्ट दिसेल अशा जागी येऊन उभा राहतो आणि क्रमाने तीन गोष्टी सांगतो. चूक करणाऱ्या खेळाडूचा क्रमांक बोटांनी, चुकीचा प्रकार हातवाऱ्याने, आणि पुढे काय करावयाचे ते तिसऱ्या खुणेने. धक्का दिला असेल, तर दोन्ही हातांनी ढकलल्याची खूण. धरून ठेवले असेल, तर स्वतःचे मनगट धरल्याची खूण. आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळणाऱ्या सर्व देशांत या खुणा सारख्याच असतात. म्हणून भाषा न येणारा पंचही परदेशात आपले काम निर्वेधपणे करू शकतो.

या खुणा संथपणे आणि ठसठशीत का कराव्यात? कारण पाच चुका झालेल्या खेळाडूला सामन्यातून बाहेर जावे लागते. पंचाने घाईघाईने बोटे दाखविली आणि गुणलेखकाने सातऐवजी आठ क्रमांक वाचला, तर निरपराध खेळाडूच्या नावावर चूक चढते. न्याय डोळ्यांनी केला, पण हातांनी बिघडविला, असे व्हावयाचे! गुणलेखक आणि वेळाधिकारी हे मैदानात धावत नाहीत, त्यांच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. तरीही तेही पंचांच्या संघातलेच असतात.

कधी दोन्ही पंचांच्या शिट्ट्या एकाच वेळी वाजतात. नवा पंच अशा वेळी चटकन खूण करून मोकळा होतो. एकाने एक सांगितले आणि दुसऱ्याने दुसरे, म्हणजे दोन्ही संघ गोंधळतात. शहाणे पंच हात वर ठेवून आधी एकमेकांकडे पाहतात. खेळ ज्याच्या जवळ घडला आणि ज्याला तो अधिक चांगला दिसला, त्याने निर्णय द्यावा आणि दुसऱ्याने हात खाली घ्यावा. हा हात खाली घेणे म्हणजे माघार नव्हे. कित्येकदा शिट्टी वाजविण्यापेक्षा ती न वाजविण्यालाच अधिक मनोनिग्रह लागतो.

आणि पाहिलेच नसेल तर? न पाहिलेल्या गोष्टीचा निर्णय अंदाजाने देऊ नये, हा पंचाचा फार मोठा नियम आहे. चेंडू रेषेबाहेर कोणाच्या हाताला लागून गेला हे एकाला दिसले नाही, तर तो सोबत्याकडे पाहतो आणि सोबत्याला दिसले असेल तर तो खूण करतो. येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. सोबत म्हणजे एकमेकांच्या चुका झाकणे नव्हे. नियमाची उघड चूक होत असेल, तर सोबत्याने जवळ जाऊन शांतपणे ती सांगावी, आणि पहिल्याने राग न धरता ती सुधारावी. मतभेदाची चर्चा मात्र सामना संपल्यावर, चारचौघांत नव्हे, तर आपापसांत करावी. म्हणूनच चांगले पंच सामन्याच्या आधी पुष्कळ लवकर येतात, कोणी कोठे पाहावयाचे ते बोलून ठरवितात, आणि सामन्यानंतरही थोडा वेळ एकत्र बसून काय साधले व काय चुकले याचा विचार करतात.

पंच आपल्या कामात किती मोठा विश्वास कमावू शकतात, याचे एक उदाहरण क्रिकेटच्या इतिहासात आहे. पूर्वी कसोटी सामन्यांत सामान्यतः यजमान देशाचेच पंच असत. त्यामुळे पाहुण्या संघाच्या मनात पुष्कळदा शंका राही. १९८६ साली लाहोर येथे पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांच्यात कसोटी सामना झाला, तेव्हा या दोहोंपैकी कोणत्याही देशाचे नसलेले दोन पंच मुद्दाम बोलाविण्यात आले. हैदराबादचे व्ही. के. रामस्वामी आणि मुंबईचे पिलू रिपोर्टर हे ते भारतीय पंच होत. परक्या भूमीवर, दोन परक्या संघांनी त्यांचा निर्णय शिरोधार्य मानावयाचे मान्य केले. पुढे २००२ पासून कसोटी सामन्यांत दोन्ही पंच तटस्थ देशांचे नेमण्याची रीत पडली. खेळाडूचे यश धावफलकावर दिसते. पंचाचे यश लोकांच्या मनात शंका न उरण्यात असते.

मुलांनो, तुमच्या शाळेतही सामने होतात. पावसाळा सरला, की त्र्यंबकेश्वरच्या पटांगणांवर चिखल वाळतो आणि फक्कीच्या रेघा पुन्हा आखल्या जातात. अशा वेळी सर्वांनाच संघात जागा मिळत नाही. ज्याला ती मिळाली नसेल, त्याने खट्टू होऊन कडेला बसू नये. आपल्या शिक्षकांना विचारून शिट्टी हाती घ्यावी आणि एका सोबत्याला बरोबर घ्यावे. आधी रिकाम्या मैदानात दोघांनी पुढचा आणि मागचा पंच होऊन धावून पाहावे. आरशासमोर खुणांचा सराव करावा. खालच्या वर्गाच्या एखाद्या सामन्यात काम करून पाहावे. आरंभी कोणी ओरडेल, कोणी हसेल. तिकडे लक्ष न देता आपण योग्य जागी होतो काय, आणि आपल्या वाट्याचे पाहिले काय, एवढेच दोन प्रश्न स्वतःला विचारावेत.

ही सवय मैदानाबाहेरही उपयोगी पडते. वर्गात भांडण झाले, की आपण आपल्या जागेवरून जे दिसले तेच पूर्ण सत्य समजतो. दुसऱ्या बाजूने पाहणाऱ्याला काय दिसले, हे विचारण्याची बुद्धी ज्याला होते, तो शिट्टी नसतानाही पंच होण्यास योग्य असतो.

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे लिहा :
(अ) खो-खोच्या खेळात दोन पंच आपले काम कसे वाटून घेतात?
(आ) नाइस्मिथ यांच्या पहिल्या नियमांत दोन अधिकाऱ्यांना कोणकोणती कामे दिली होती?
(इ) चेंडू प्रतिपक्षाकडे गेल्यावर पुढच्या व मागच्या पंचाच्या कामांत काय बदल होतो?

२. कारणे द्या :
(अ) अनुभवी पंच नव्या पंचांना पहिला धडा पायांचा देतात.
(आ) पंचाने आपल्या खुणा संथपणे आणि स्पष्ट कराव्या लागतात.

३. पुढील विधान आपल्या शब्दांत स्पष्ट करा : ‘सोबत म्हणजे एकमेकांच्या चुका झाकणे नव्हे.’

४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : शिरोधार्य मानणे, मनोनिग्रह, दृष्टीआड होणे, शल्य.

५. तुमच्या शाळेतील एखादा सामना दोघांनी मैदानाच्या दोन बाजूंनी पाहा. प्रत्येकाने आपल्याला दिसलेले वर्णन स्वतंत्रपणे लिहावे आणि मग ती दोन्ही वर्णने वर्गात वाचून त्यांतील फरक सांगावा.